सेवा उपलब्ध आहे

९ नोव्हेंबर

चि. छोटीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसली असशील, पण रुसवा काढायला मी तिथे नाही, तेव्हा तुझा तूच काढ.

फोन का लागत नाही म्हणून विचारतेस. अगं, फोन लागायचा तर मला आधी घाटातल्या वळणावर जावं लागतं. मोरीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की सिग्नलची एक कांडी येते. सगळं गाव तिथे फोन कानाला लावून उभं असतं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. वारा असला की तेवढंही नाही. आणि ह्यांना एकटं सोडून मी वळणावर कशी जाणार? म्हणून ही पत्रं. बसचा ड्रायव्हर ह्यांच्या जुन्या ओळखीचा, तो टपालात टाकतो.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांची तब्येत आहे तशी आहे. काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून लोंबतो. वाचा मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले की ह्यांना सगळं कळतं, शब्दही आत शाबूत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस, दिवसभर बोलून घरी आला तरी ज्याचं तोंड मिटायचं नाही, तो आता सगळ्याला एकच ‘अं’ म्हणतो.

इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. वयाने तुझ्याहूनही लहान असतील, पण हाताला गुण आहे म्हणतात. पहिले सहा महिने महत्त्वाचे, आठवड्यातून दोनदा तरी धडा हवा, असं त्यांनी बजावलं. चार तास जायला, चार तास यायला. एकदा नेलं तर हे बसमध्येच इतके गळून गेले की धड्याला बसवेना. बाई म्हणाल्या, घरी इंटरनेट असेल तर मी पडद्यावरून शिकवते, लांबचे पुष्कळजण तसेच शिकतात. त्यासाठी ह्यांना एकदा टेंपोत खुर्ची टाकून वळणावरही नेलं. बाईंचा चेहरा दोनदा दिसला आणि गेला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. ह्यांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

तर तू त्या इंटरनेटच्या कंपनीत बसतेस, लोकांच्या तक्रारी ऐकतेस. मला एवढं सांग, घरात इंटरनेट आणायला काय करावं लागतं?

माझी काळजी करू नकोस. सगळे म्हणतात ताई धीराची आहे. धीर वेगळा, छोटे. पाय दुमडून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो बघ, हात लावला तर दुसऱ्याचाच वाटतो. माझं सगळ्या अंगाचं तसं झालंय. जाऊबाई येऊन माझ्यासमोर रडून गेल्या, आणि मी त्यांना डोळे पुसायला पदराऐवजी टॉवेल दिला.

जेवत जा वेळेवर. लोभ असू दे.

तुझी
ताई


१६ नोव्हेंबर

ती. ताईस छोटीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

प्रथम तुझं अभिनंदन! तुझ्या घरी इंटरनेट आहे.

थट्टा नाही करत. तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन नकाशा उघडला. आमच्याकडे सगळ्या मुलखाचा नकाशा असतो. जिथे सेवा नाही तो भाग पांढरा, जिथे आहे तो हिरवा. तुमचं अख्खं गाव, टेकडी, ओढा, तुझा गोठा, सगळं हिरवंगार. त्यावर बोट ठेवलं की पाटी येते, ‘सेवा उपलब्ध आहे’.

मी आमच्या वरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की हमरस्त्यावर तुमच्या ग्रामपंचायतीचं कार्यालय आहे, तिथपर्यंत केबल आलेली आहे. एका भिंतीवर केबलचा डबा बसला की त्याभोवतीचा सगळा भाग हिरवा. आता गंमत ऐक. हिरव्या भागात नवी लाइन टाकायला मंजुरी मिळत नाही, कारण तिथे लाइन आहे. आणि तुझ्या घरी जोडणी देता येत नाही, कारण तिथे लाइन नाही. मी बाईंना म्हटलं, हे कसं काय? त्या म्हणाल्या, असंच आहे, आणि चहाला गेल्या.

तरी तू कार्यालयात जाऊन अर्ज तर कर. माझा जुना लॅपटॉप ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. त्याची एक कळ निघालेली आहे, ती नसली तरी अडत नाही.

माझं बरं चाललंय. खोली, कामाची जागा, खोली. आमच्या रांगेत चाळीसजणी, प्रत्येकीच्या कानाला यंत्र. समोर कागदावर वाक्यं लिहून दिलेली असतात, त्याबाहेरचं बोलायचं नाही. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य मी दिवसाला इतक्यांदा म्हणते, की परवा शेजारच्या काकू गेल्या, आणि भेटायला गेले तेव्हा काकांसमोर माझ्या तोंडून तेच निघालं. काकांनी मान हलवली. त्यांना ते वेगळं वाटलंच नाही. घरी येऊन मला हसू यायला हवं होतं, नाहीतर लाज वाटायला हवी होती. दोन्ही झालं नाही. तेव्हा बधिर काय तू एकटीच नाहीस, हा आपला खानदानी गुण दिसतो.

दाजींना माझा नमस्कार सांग. ते ‘अं’ म्हणाले तर मला पोचला असं समजेन.

तुझी
छोटी


२८ नोव्हेंबर

चि. छोटीस आशीर्वाद. वि. वि.

लॅपटॉप पोचला. तूर्त टेबलावर आरशासारखा उभा केलाय.

जाऊबाईंना ह्यांच्यापाशी बसवून कार्यालयात गेले होते. डबा आहे, खरोखर आहे. भिंतीवर, छपराला लागून. त्याला कुलूप, आणि किल्ली ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. कारकून डब्याच्या खिळ्याला आपली जेवणाची पिशवी अडकवतो. मला म्हणाला की उद्घाटन झालं, फोटोही निघाला, त्यानंतर डबा काही बोलला नाही. बोलला नाही म्हणताना त्याला एकदम ह्यांची आठवण झाली असावी, कारण तो गोरामोरा झाला आणि मला बसायला खुर्ची दिली.

अर्ज केला. त्यात फोन नंबर लिहायचा होता, तो लिहिला. आठ दिवसांनी विचारायला गेले तर अर्ज बंद! कंपनीने म्हणे मला तीनदा फोन केला. मी उचलला नाही, म्हणजे मला गरज नाही असं त्यांनी धरलं. मी कारकुनाला म्हटलं, अरे, घरी फोन लागत असता तर मी हा अर्ज कशाला केला असता? तो म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, पण लिहायला त्यांनी जागा ठेवलेली नाही.

ह्यांचं मन उडालंय. बाईंनी दिलेली चित्रं मी समोर धरते, कप, किल्ली, दार. आधी प्रयत्न करायचे. काल कपाचं चित्र धरलं तर खराच कप भिंतीवर भिरकावला. डाव्या हाताने, तरी नेम चांगला होता. मग भिंतीकडे तोंड करून निजले. मी काचा उचलल्या. एक बोटात गेली, ते नंतर रक्त दिसलं तेव्हा समजलं.

महिने सरताहेत, छोटे. तुझ्या त्या बाई चहा पिऊन आल्या असतील तर पुन्हा विचार.

तुझी
ताई


५ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाईंना विचारलं नाही. एक उद्योग केला आहे, तो नीट वाचून घे, म्हणजे दारात माणूस आला की गोंधळायची नाहीस.

आमच्या कागदाप्रमाणे तुझ्या घरी सेवा उपलब्ध आहे. बरोबर? आणि ती चालत नाही. हेही बरोबर. मग ज्याची सेवा चालत नाही त्याने काय करायचं? तक्रार. तेव्हा मी तुझ्या नावाने तक्रार नोंदवून टाकली, की सेवा पूर्णपणे बंद आहे, घरात आजारी माणूस आहे, तातडीने दुरुस्त करावी. नव्या जोडणीचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, पण बंद पडलेल्या सेवेला माणूस पाठवावाच लागतो, नाहीतर वरच्यांचे गुण कापले जातात. फोन नंबरच्या जागी मी माझा घातला. त्यांनी फोन केला, मी उचलला, हो हो, अगदीच बंद आहे म्हटलं. आपल्याच कंपनीशी मी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून बोलले. पलीकडच्या मुलीने दिलगिरी व्यक्त केली. आवाजावरून तिसऱ्या रांगेतली असावी.

माणूस आला की त्याला खरं सांग. खोटं तू बोलायचं नाहीस, ते माझ्याकडे.

हे करताना छातीत धडधड होईल असं वाटलं होतं. झाली नाही. बटण दाबलं आणि पुढचा फोन घेतला.

तुझी
छोटी


२१ डिसेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा माणूस आला. मोटारसायकलवर शिडी बांधून. वायरमन म्हणायचं का आणखी काही ते मला ठाऊक नाही, आम्ही त्यांना वायरवाले म्हणतो. आधी घराभोवती दोन फेऱ्या मारून तुटलेली वायर शोधत होते. मी म्हटलं की तुटायला आधी असायला लागते. त्यांनी हातातला कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेवढ्यात हे काठी टेकत बाहेर आले आणि काहीतरी विचारायला ‘अं’ म्हणाले. वायरवाल्यांचं हसू तिथेच विरलं. त्यांनी ह्यांना ओळखलं. शिकायला होते तेव्हा रोज ह्यांच्याच बसने जायचे.

मग दिवसभर हिंडले. ओढ्यातून केबल आणायची सोय नाही म्हणाले, पहिल्या पुरात वाहून जाईल. पण हवेतून आणता येईल. कार्यालयाच्या गच्चीवर टीव्हीच्या डिशसारखी एक तबकडी, आणि तिच्या नजरेसमोर, मध्ये काही न येता, दुसरी. तिथून घरापर्यंत साधी वायर. आपलं घर टेकडीच्या आड आहे. कार्यालयातून सरळ दिसते अशी इथे एकच जागा निघाली. धाकट्या भाऊजींच्या घरावरची पाण्याची टाकी.

आता हे तुला सविस्तर सांगितलं नव्हतं, सांगते. दोघा भावांमध्ये नऊ वर्षं बोलणं नाही. जमिनीवरून नाही की भिंतीवरून नाही. भाऊजी एकदा ह्यांच्या बसमध्ये बिनतिकिटाचे बसले, भावाचीच बस आहे म्हणून. आणि ह्यांनी सगळ्या बसदेखत, नियम म्हणजे नियम म्हणत, सख्ख्या भावाला भर रस्त्यात खाली उतरवलं. भाऊजी उन्हातून चालत आले. तेव्हापासून जाऊबाई आणि मी बोलतो, एकमेकींकडे येतो-जातो, पण भाऊ भावाच्या दारात गेला नाही. दुखणं झालं तेव्हाही भाऊजी आमच्या फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले.

मी गेले विचारायला. भाऊजी पंप उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मान वर केली नाही. जाऊबाई म्हणाल्या की हो म्हणा हो, काय झालं असेल ते असेल. त्यावर भाऊजी बोलले ते मी आहे तसं लिहिते. म्हणाले, नऊ वर्षं मी वाट पाहिली की दादा एक शब्द बोलेल; आता त्याची वाचाच गेली, आता कशाची वाट पाहू? मी पदर सावरला. उठणार तेवढ्यात म्हणाले, टाकीवर काय लावायचं ते लावा, पाण्यात माती पडू देऊ नका. पण मी त्याच्या दारात येणार नाही.

ह्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले की काय, मला कळलं नाही.

तबकड्या लागतील पुढच्या आठवड्यात. कार्यालयातल्या डब्याचं कुलूप वायरवाल्यांनी पान्ह्याने तोडलं. कारकुनाला पिशवी अडकवायला दुसरा खिळा ठोकून दिला.

तुझी
ताई


३० डिसेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

थोडक्यात लिहिते. मला कामावरून काढलं.

तुझ्या तक्रारीत नंबर माझा, आवाज माझा. आमचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात हे मला माहीत होतंच. वरच्या बाईंनी खोलीत बोलावलं, शेजारी आणखी एक गृहस्थ होते. मी काही नाकारलं नाही. बाईंनी मला विचारलं की असं का केलंस, आणि मी म्हटलं की नकाशा खरा करून दाखवला. गृहस्थ हसले, बाई नाही हसल्या. शेवटी त्या म्हणाल्या, आम्ही दिलगीर आहोत. चाल सुद्धा तीच, ताई, शेवटच्या शब्दावर आवाज किंचित खाली.

तू घाबरू नकोस. तुझी जोडणी कोणी काढणार नाही. वायरवाल्यांना मी मुद्दाम फोन केला होता. ते म्हणाले, झालेली दुरुस्ती परत नादुरुस्त करायची पद्धत आमच्याकडे नाही.

खोलीवर आले आणि दोन दिवस झोपून काढले. रडू आलं नाही. फक्त फार शांत वाटतं. मधेच फोन वाजला की तोंड आपोआप उघडतं, आणि पुढचं वाक्य कुठे लिहिलेलं नसतं.

दाजींचा धडा सुरू झाला का, ते कळव.

तुझी
छोटी


२ फेब्रुवारी

चि. छोटीस ताईचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

आता इंटरनेट आलं तर फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. त्या दिवशी पडद्यावर तू दिसलीस, मी तुला दिसले, आणि आपण दोघी जेवलीस का, जेवले, एवढ्यावरच थांबलो. तुझे डोळे सुजलेले होते, आणि मी त्याबद्दल विचारलं नाही. समोर चेहरा असला की मला विचारवत नाही. म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट. तू खोली सोड आणि इकडे ये. मागची खोली रिकामी आहे. दुसरं काम शोधायचं तर इथून शोध, आता ते जमतं. माझ्यामुळे तुझं गेलं, असं मी लिहिणार होते, पण मग तू भांडत बसशील, म्हणून लिहीत नाही.

धडे मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. बाई फार चांगल्या आहेत. पहिले दोन आठवडे ह्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. मग एक दिवस दाराचं चित्र दाखवलं, आणि हे ‘दार’ म्हणाले. स्वच्छ. बाईंनी टाळ्या वाजवल्या. पुढचं चित्र कपाचं, तर त्यालाही दार. किल्लीला दार, कुत्र्याला दार. तेव्हापासून पाण्याला दार, भूक लागली की दार, मला हाक मारायची तरी दार. बाई म्हणाल्या की असं होतं, एक शब्द निघाला की तोच सगळीकडे धावतो, पण वाट मोकळी होते आहे. किती मोकळी होईल ते मात्र सांगता येत नाही, असंही त्यांनी साफ सांगितलं. मला ते आवडलं.

आता गेल्या शुक्रवारचं. धडा संपला, मी लॅपटॉप मिटणार, तर बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, ह्यांची चौकशी मी दर वेळी करते, आज तुम्ही सांगा, तुम्ही कशा आहात. मी बरी आहे म्हटलं. त्या नुसत्या थांबल्या. आणि छोटे, काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. ह्यांची बडबड मला पूर्वी नकोशी व्हायची हे सांगितलं. घरात भांडं पडलं की आता बरं वाटतं, निदान आवाज झाला, हे सांगितलं. हे मरतील याची मला भीती वाटत नाही, हे असेच वीस वर्षं जगतील, मी असंच त्यांचं सगळं करत राहीन आणि मला काहीच वाटणार नाही, याची वाटते, हेही बोलून गेले. माझा आवाज मला परका वाटत होता, तरी थांबवत नव्हता.

बोलून झालं आणि वर पाहिलं. बाईंचा चेहरा गोठलेला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ उघडे, एक हात हवेत. लाइन केव्हाच गेली होती. मी इतका वेळ एका फोटोशी बोलत होते.

पण हे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं. मग काठी घेतली आणि उठले. मला वाटलं आत जाऊन निजतील. तर पायऱ्या उतरले. फाटक उघडलं. मी खिडकीशी गेले, मागे गेले नाही. हे कुंपणाला वळसा घालून भाऊजींच्या अंगणात गेले. तिथे काय झालं ते जाऊबाईंनी नंतर सांगितलं. भाऊजी ओट्यावर बसून दोरी वळत होते. ह्यांनी जाऊन त्यांची बाही धरली आणि दार, दार म्हणायला लागले. भाऊजींना वाटलं की दादा आपल्याला त्याच्या दारात यायचं बोलावणं करतोय. ते उभे राहिले तर हे त्यांना ओढत अंगणाच्या मध्यावर घेऊन आले आणि काठी वर करून टाकी दाखवली. दार! तबकडी वाऱ्याने वाकडी झाली होती.

भाऊजी म्हणाले, हो दादा, चढतो. जाऊबाई म्हणतात, एवढंच बोलले.

मला खिडकीतून दिसलं ते असं, की भाऊजी टाकीवर चढलेत, आणि हे खाली उभं राहून काठीने दाखवताहेत, अजून डावीकडे, अजून थोडं. भाऊजी वरून विचारत होते, हे खालून दार म्हणत होते, आणि त्यांचं त्यांना कळत होतं. मला आनंद झाला असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. हाताची बोटं गार पडली आहेत एवढं मात्र जाणवलं, आणि ती मी काखेत धरली.

तेवढ्यात मागे खरखर झाली. पडद्यावर बाईंचा हात खाली आला. त्या मला हाक मारत होत्या, ऐकू येतंय का, तुम्ही आहात का तिथे?

मी म्हटलं, आहे.

लोभ आहेच, तो होता तिथे राहू दे. तू मात्र तिथे राहू नकोस. ये.

तुझी
ताई